व्याख्यान ३ : आकडा की नाव? स्यूडोकोडमधले डेटा टाइप, व्हेरिएबल आणि कॉन्स्टंट

मागच्या वेळी आपण अल्गोरिदम म्हणजे काय ते पाहिलं आणि पायऱ्या लिहून काढण्याच्या एका सोयीच्या पद्धतीपर्यंत आलो. तिला स्यूडोकोड म्हणतात. स्यूडोकोड कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नाही. तो माणसांनी माणसांसाठी लिहायचा असतो, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याआधी आपला विचार कागदावर तपासून घेता येतो. आज त्या पायऱ्यांमधून जी माहिती फिरते तिच्याकडे बघायचं आहे. ती कुठे ठेवायची, तिला काय नाव द्यायचं, आणि ती कुठल्या जातीची आहे हे कसं ठरवायचं.

सुरुवात आमच्याच एका चुकीने करू. काही वर्षांपूर्वी एका छोट्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये भरली. दोघांनी मिळून टाइप केली, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. यादी बँकेत गेली, आणि चार दिवसांनी काही मुलांचे पैसे परत आले. कारण शोधायला बराच वेळ लागला. त्या मुलांचे खाते क्रमांक शून्याने सुरू होत होते. आम्ही पुढची शून्यं टाइप केली होती, पण स्प्रेडशीटने ती गाळून टाकली. यातल्या एका मुलीची परीक्षा फी भरायची मुदत त्याच आठवड्यात होती. ती टळली, आणि विलंब शुल्क तिला भरावं लागलं.

आता चूक कुणाची? स्प्रेडशीटला आम्ही अंक दिले. तिने धरून चाललं की ही संख्या आहे. संख्येच्या पुढे लिहिलेल्या शून्याला किंमत नसते, हे तर आपण तिसरी-चौथीतच शिकतो. म्हणजे तिच्या परीने ती बरोबर होती. चूक आमची, कारण खाते क्रमांक ही संख्या नाही हे आम्ही तिला सांगितलंच नाही. खरं तर आमच्याही मनात तो विचार आला नव्हता.

आजच्या व्याख्यानातली मुख्य गोष्ट हीच. माहितीचा प्रकार ती कशी दिसते यावरून ठरत नाही. आपण तिचं पुढे काय करणार आहोत यावरून तो ठरतो.

व्हेरिएबल म्हणजे काय

आधी व्हेरिएबल. शाळेच्या गणितात याला आपण चल म्हणतो. प्रोग्राममध्ये व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली एक जागा, जिच्यात एका वेळी एक किंमत राहते, आणि ती किंमत बदलू शकते.

पुस्तकांमध्ये व्हेरिएबलला डब्याची उपमा देतात. डब्यावर लेबल, आत वस्तू. उपमा सोपी आहे, पण एका ठिकाणी फसवते. डब्यातून वस्तू काढली की डबा रिकामा होतो. व्हेरिएबल वाचलं तरी रिकामं होत नाही. म्हणून आम्हाला फळ्याची उपमा जास्त आवडते. फळ्यावर चौकट आखा, चौकटीवर नाव लिहा, आत किंमत लिहा. वर्गातल्या पन्नास जणांनी ती वाचली तरी ती तिथेच राहते. मात्र नवीन किंमत लिहायची तर जुनी पुसावी लागते, आणि पुसलेली परत येत नाही.

स्यूडोकोडमध्ये आपण आधी घोषणा करतो, मग किंमत देतो:

    घोषित गुण : इंटिजर
    गुण ← ३५
    गुण ← गुण + ५

पहिली ओळ सांगते की गुण नावाची जागा हवी आहे आणि तिच्यात पूर्णांक राहील. दुसऱ्या ओळीतला बाण म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्या जागेत ठेवा. तिसऱ्या ओळीत बरेच जण अडखळतात. गणिताच्या वहीत कुणी गुण = गुण + ५ असं लिहिलं तर बाई त्यावर लाल रेघ मारतील, कारण ते कधीच खरं नसतं. इथे मात्र ते समीकरण नाही, ती आज्ञा आहे. आधी उजवी बाजू पूर्ण करा, म्हणजे फळ्यावरचे ३५ वाचा, ५ मिळवा, ४० आले. मग जुने ३५ पुसा आणि ४० लिहा. हा घोटाळा टळावा म्हणूनच स्यूडोकोडमध्ये किंमत देण्यासाठी बाण वापरतात, आणि = हे चिन्ह तुलना करण्यासाठी राखून ठेवतात. अल्गोल ६० या जुन्या भाषेतही याच कारणाने किंमत देण्यासाठी := असं वेगळं चिन्ह होतं.

समजा दोन व्हेरिएबलच्या किमती आपसात बदलायच्या आहेत. डावा मध्ये ७ आहे, उजवा मध्ये ९. नवीन शिकणारे हमखास असं लिहितात:

    डावा ← उजवा
    उजवा ← डावा

हाताने चालवून बघा. पहिल्या ओळीनंतर डावा ९ झाला, ७ पुसला गेला. दुसऱ्या ओळीत उजवा मध्ये ९ च परत लिहिला. दोन्हीकडे ९. एका भांड्यात दूध, दुसऱ्यात ताक असेल आणि भांडी बदलायची असतील तर तिसरं रिकामं भांडं लागतं. इथेही तसंच:

    तात्पुरता ← डावा
    डावा ← उजवा
    उजवा ← तात्पुरता

आणखी एक. घोषणा केली पण किंमत दिली नाही, तर त्या चौकटीत काय असतं? शून्य असेल असं गृहीत धरू नका. काही भाषांमध्ये तिथे आधीचा कचरा असतो, काहींमध्ये प्रोग्राम तिथेच थांबतो. बेरीज करायची असेल तर सुरुवातीला बेरीज ← ० हे आपण स्वतः लिहायचं.

नावांबद्दल एकच सांगतो. नाव असं द्या की सहा महिन्यांनी आपल्यालाच कळेल. क, ख, ग अशी नावं टाइप करायला सोपी असतात, पण वाचताना डोकं खातात. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून दोन शब्द जोडायला खालची रेघ वापरतात, जसं एकूण_गुण.

पाच मूलभूत प्रकार

आता डेटा टाइप. स्यूडोकोडमध्ये साधारण पाच प्रकारांवर काम भागतं: इंटिजर, रिअल, कॅरेक्टर, स्ट्रिंग आणि बुलियन.

इंटिजर म्हणजे पूर्णांक. मोजून येणाऱ्या गोष्टी. वर्गातली मुलं, एसटीतली आसनं, सामन्यातल्या धावा. साडेबेचाळीस मुलं असू शकत नाहीत, म्हणून मुलांची संख्या इंटिजर.

रिअल म्हणजे दशांशासकट संख्या. मापून येणाऱ्या गोष्टी. पावसाचे मिलिमीटर, तापाचा पारा, कापडाची लांबी. मोजायचं ते इंटिजर, मापायचं ते रिअल, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

या दोघांमधला भेद फार जुना आहे. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रानमध्ये वेगळी घोषणा नसेल तर आय ते एन या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी नावं इंटिजर मानली जायची आणि बाकीची रिअल. आजही जगभरचे प्रोग्रामर लूपचा मोजणीदार म्हणून आय किंवा जे हेच नाव देतात. त्यातल्या कित्येकांनी फोरट्रान कधी पाहिलेलीही नसते.

कॅरेक्टर म्हणजे एक चिन्ह. एक अक्षर, एक अंक, एक स्वल्पविराम, एक मोकळी जागासुद्धा. ते आपण अवतरणात लिहितो. इथे ५ आणि '५' यांत फरक आहे. पहिला इंटिजर, त्याला दुप्पट करता येतं. दुसरं फक्त चिन्ह. कॉम्प्युटर प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देऊन ठेवतो, आणि युनिकोडमध्ये देवनागरी ५ या चिन्हाचा क्रमांक २४११ आहे. म्हणजे चिन्हाची किंमत आणि चिन्हाचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची माळ. नाव, पत्ता, वाक्य. आपण मराठी माणसांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण इंग्रजी पुस्तकांत ती येत नाही. 'क्षितिज' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू तीन : क्षि, ति, ज. युनिकोडच्या हिशेबात तिथे सात चिन्हं आहेत: क, हलन्ताची खूण, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज. त्यामुळे स्ट्रिंगची लांबी विचारली तर बऱ्याच भाषा सात असं उत्तर देतात. पहिलं कॅरेक्टर मागितलं तर क्षि येत नाही, नुसता क येतो. नावाचं आद्याक्षर काढणारा प्रोग्राम लिहाल तेव्हा हे आठवा. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते म्हणजे कॅरेक्टर नव्हे.

बुलियन हा पाचवा. यात दोनच किमती : खरे आणि खोटे. जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञावरून हे नाव आलं. बुलियन बहुतेक वेळा तुलनेतून तयार होतं:

    घोषित मतदार_होऊ_शकतो : बुलियन
    मतदार_होऊ_शकतो ← (वय ≥ १८)

आता कुणी म्हणेल की 'हो' आणि 'नाही' अशा स्ट्रिंग ठेवल्या तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. एक जण 'हो' लिहितो, दुसरा 'होय', तिसरा 'हो' नंतर चुकून एक जागा सोडतो. कॉम्प्युटरला हे तीन वेगळे शब्द आहेत. बुलियनमध्ये अशा चुकीला जागाच नाही.

याच उदाहरणात आणखी एक प्रश्न लपलाय. वय साठवायचं का? आज भरलेलं वय पुढच्या वर्षी चुकीचं असतं. जन्मतारीख मात्र तीच राहते. म्हणून साठवायची जन्मतारीख, आणि वय हवं तेव्हा काढायचं. बहुतेक भाषांमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार असतोच. ती स्ट्रिंग म्हणून ठेवली तर '०५/०६' म्हणजे ५ जून की ६ मे, हा वाद कायम राहतो.

प्रकार चुकला तर काय होतं

आमच्या यादीतल्या चुकीची भरपाई विलंब शुल्कावर झाली. ती इतकी स्वस्त नेहमी नसते.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि सुमारे ३७ सेकंदांनी दिशा सोडून फुटलं. चौकशीत जे निघालं ते आजच्या विषयातलंच आहे. आडव्या वेगाशी संबंधित एक किंमत ६४ बिटांच्या रिअल प्रकारात होती, आणि प्रोग्राम ती १६ बिटांच्या इंटिजरमध्ये भरायला गेला. १६ बिटांच्या इंटिजरमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. हा कोड आधीच्या एरियान ४ मधून जसाच्या तसा आणलेला होता. त्या रॉकेटच्या उड्डाणात ती किंमत एवढी मोठी कधी होतच नव्हती. नवीन रॉकेट जास्त वेगवान होतं, किंमत मावली नाही, आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. म्हणून स्यूडोकोडमध्ये इंटिजर लिहिताना शेजारी हेही लिहायची सवय लावा की ही किंमत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असेल.

दुसरी घटना अधिक वाईट आहे. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्धाचा काळ, सौदी अरेबियातलं दहरान. तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही. ते अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जणांचा जीव गेला. यंत्रणा वेळ मोजत होती सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि सेकंद काढण्यासाठी त्या मोजणीला ०.१ ने गुणत होती. अडचण त्या ०.१ मध्ये होती.

हे नीट समजून घेऊ. एक भागिले तीन दशांशात लिहायला घेतलं तर ०.३३३३ असं लिहीतच राहावं लागतं, ते संपत नाही. कॉम्प्युटर द्विमान पद्धतीत लिहितो, आणि त्या पद्धतीत एक दशांश ही संख्या अशीच न संपणारी आहे. कुठेतरी तोडावीच लागते. पॅट्रियटमध्ये ती २४ बिटांवर तोडली होती. त्यामुळे दर मोजणीला साधारण ०.०००००००९५ सेकंदाची चूक होत होती. इतकी लहान, की कुणाच्या लक्षात येऊ नये. पण ती यंत्रणा बंद न करता सलग १०० तास चालू होती. १०० तासांत सेकंदाचे दहावे भाग ३६ लाख होतात. गुणाकार करा, चूक ०.३४ सेकंदाच्या आसपास जाते. स्कडसारखं क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी त्याला शोधत राहिली.

आपण क्षेपणास्त्रं बनवत नाही, पण किराणा दुकानाचं बिल तर बनवतो. बऱ्याच भाषांमध्ये ०.१ दहा वेळा मिळवलं तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. मग एकूण = १ का, असं विचारलं तर उत्तर खोटे. म्हणून पैशांच्या हिशेबाला रिअल वापरू नका. सगळा हिशेब पैशांत, इंटिजरमध्ये करा. १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५० पैसे. रुपये फक्त शेवटी, छापताना करा. पैसे आपण मापत नाही, मोजतो.

कॉन्स्टंट : न बदलणारी किंमत

कॉन्स्टंट म्हणजे स्थिरांक. यालाही नाव असतं, किंमत असते, पण प्रोग्राम चालू असताना ती किंमत बदलता येत नाही. चुकून बदलायला गेलात तर भाषा अडवते.

    स्थिर मतदान_वय ← १८
    स्थिर एका_रुपयातले_पैसे ← १००

कुणीही विचारेल की १८ सरळ १८ लिहिलं तर काय झालं? समजा निवडणुकीच्या कामाचा एक मोठा प्रोग्राम आहे आणि त्यात तीस ठिकाणी वयाची अट लिहिली आहे. आपल्याकडे १९८९ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. सगळीकडे नुसतं २१ लिहिलेलं असतं तर ते तीस ठिकाणी शोधून बदलावं लागलं असतं. त्यात एखाद्या ठिकाणचा २१ वयाचा नसून उमेदवारांच्या संख्येचा असला, आणि तोही बदलला गेला, तर मग बघायलाच नको. नाव दिलं असेल तर एक ओळ बदलायची, काम झालं. शिवाय वाचणाऱ्यालाही हा आकडा कशाचा ते कळतं. नाव नसलेल्या अशा आकड्यांना प्रोग्रामर थट्टेने मॅजिक नंबर म्हणतात, कारण तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण घ्या. एका रुपयाचे पैसे १०० हे आपल्याला दगडावरची रेघ वाटतं. पण १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि चौसष्ट पैसे. म्हणजे कॉन्स्टंट हा कायमचा स्थिर असतो असं नाही. तो एका प्रोग्रामच्या एका चालण्यापुरता स्थिर असतो.

सगळं एकत्र : कापरेकरांचा ६१७४

आता आजचं सगळं एका उदाहरणात वापरू, आणि ते आपल्याच मातीतलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले. त्यांना सापडलेली एक गंमत आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो.

त्यांचंच जन्मवर्ष घेऊ, १९०५.

    ९५१० − ०१५९ = ९३५१
    ९५३१ − १३५९ = ८१७२
    ८७२१ − १२७८ = ७४४३
    ७४४३ − ३४४७ = ३९९६
    ९९६३ − ३६९९ = ६२६४
    ६६४२ − २४६६ = ४१७६
    ७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या.

आता याचा स्यूडोकोड लिहायचा. पहिला प्रश्न, संख्या कुठल्या प्रकारात ठेवायची? इंटिजर, असं पटकन उत्तर येईल. मग २१११ घेऊन बघा. २१११ − १११२ = ९९९. इंटिजरमध्ये हे नुसतं ९९९ आहे, तीनच अंक. उतरत्या क्रमाने ९९९, चढत्या क्रमाने ९९९, वजाबाकी शून्य. त्यानंतर कायम शून्यच. ६१७४ कधीच येत नाही आणि प्रोग्राम गोल गोल फिरत राहतो.

तेच ९९९ आपण '०९९९' असं चार चिन्हांची स्ट्रिंग म्हणून ठेवलं, तर बघा:

    ९९९० − ०९९९ = ८९९१
    ९९८१ − १८९९ = ८०८२
    ८८२० − ०२८८ = ८५३२
    ८५३२ − २३५८ = ६१७४

आला. म्हणजे जे शून्य आमच्या यादीतून गळलं होतं, तेच इथेही गळत होतं.

मग स्ट्रिंगच ठेवायची का? तेही नाही, कारण स्ट्रिंगमधून वजाबाकी होत नाही. इथे एकाच माहितीची आपण दोन कामं करतोय. अंक लावायचे असतात तेव्हा ती स्ट्रिंग हवी, वजाबाकी करायची असते तेव्हा इंटिजर हवी. म्हणून दोन व्हेरिएबल घ्यायची आणि प्रकार कुठे बदलतो ते उघड लिहायचं:

    स्थिर कापरेकर ← ६१७४
    स्थिर अंकसंख्या ← ४
    घोषित संख्या, मोठी, लहान, पायऱ्या : इंटिजर
    घोषित अंक : स्ट्रिंग
    घोषित चालेल : बुलियन

    वाच संख्या
    अंक ← शून्य_भरून_स्ट्रिंग(संख्या, अंकसंख्या)
    चालेल ← (सगळे_अंक_सारखे(अंक) = खोटे)
    जर चालेल तर
        पायऱ्या ← ०
        जोपर्यंत संख्या ≠ कापरेकर
            अंक ← शून्य_भरून_स्ट्रिंग(संख्या, अंकसंख्या)
            मोठी ← इंटिजर_करा(उतरता_क्रम(अंक))
            लहान ← इंटिजर_करा(चढता_क्रम(अंक))
            संख्या ← मोठी − लहान
            पायऱ्या ← पायऱ्या + १
        इथपर्यंत
        लिही पायऱ्या
    नाहीतर
        लिही 'चारही अंक सारखे नकोत'

शून्य_भरून_स्ट्रिंग हे काम संख्येची स्ट्रिंग करतं आणि चार चिन्हं पूर्ण होईपर्यंत डावीकडे शून्यं लावतं. उरलेल्या कामांची नावं वाचूनच ती काय करतात ते कळतं. त्यांच्या आतल्या पायऱ्या आपण फंक्शनच्या व्याख्यानात लिहू.

एक गोष्ट बघा. इथे ६१७४ आणि ४ दोन्ही कॉन्स्टंट आहेत, पण सारखे नाहीत. ६१७४ कुणी ठरवलेला नाही, तो सापडला. मतदानाचं १८ मात्र संसदेने ठरवलं. प्रोग्रामला हा फरक कळत नाही, आपल्याला कळायला हवा. ठरवलेला कॉन्स्टंट कधीतरी बदलेल हे धरूनच चालायचं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: पायथॉनमध्ये प्रकाराची घोषणा करावी लागत नाही. मग हे सगळं शिकायचं कशाला?

उत्तर: घोषणा करावी लागत नाही, पण प्रकार असतोच. तो नावाला न चिकटता किमतीला चिकटलेला असतो, एवढाच फरक. पायथॉनमध्ये कीबोर्डवरून घेतलेली कुठलीही गोष्ट आधी स्ट्रिंग म्हणून येते. दोन आकडे मागितले, वापरणाऱ्याने ५ आणि ७ दिले, तुम्ही सरळ बेरीज केली, तर १२ न येता ५७ येतं. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. घोषणा लिहावी लागत नाही तिथे प्रकाराचा विचार आपणच जास्त करायला हवा.

प्रश्न: मोबाइल नंबर शून्याने सुरू होत नाही. तो इंटिजर ठेवला तर?

उत्तर: तुम्ही मोबाइल नंबरची बेरीज करणार आहात का? सरासरी काढणार आहात? नाही ना. मग ती संख्या नाही. उद्या त्याच रकान्यात कुणी नाशिकचा लँडलाइन नंबर ०२५३ सकट भरला, किंवा परदेशातल्या नातेवाइकाचा नंबर अधिकचं चिन्ह लावून भरला, की तुमचा इंटिजर अडकला. स्ट्रिंगच ठेवा.

प्रश्न: सगळंच स्ट्रिंग ठेवलं तर काही गळणारच नाही. मग तसंच का करू नये?

उत्तर: क्रम लावताना कळेल. स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेक चिन्ह बघून होते. त्यामुळे '१००' हे '९' च्या आधी येतं. गुणांची यादी अशी लावली तर ९ गुणांचा मुलगा शंभर गुणांच्या मुलीच्या वर जाईल. ज्याचा हिशेब किंवा लहान-मोठेपणा बघायचा, ती संख्याच हवी.

घरी करून बघायला

पुढच्या व्याख्यानाआधी दोन गोष्टी करा. पहिली, या माहितीचे प्रकार ठरवा आणि प्रत्येकापुढे कारण एका ओळीत लिहा: पिन कोड, विजेच्या मीटरचं रीडिंग, रक्तगट, परीक्षेचा आसन क्रमांक, दुधाचं महिन्याचं बिल, आज शाळेत हजर होता की नाही. उत्तरापेक्षा कारण महत्त्वाचं. दुसरी, स्वतःचं जन्मवर्ष घेऊन वरचा स्यूडोकोड हाताने चालवा. कागदावर संख्या, अंक, मोठी, लहान, पायऱ्या असे रकाने आखा आणि प्रत्येक फेरीनंतर किमती लिहीत जा. सातच्या वर पायऱ्या गेल्या तर वजाबाकी तपासा, कापरेकर चुकलेले नाहीत.

आम्ही ती यादी नंतर पुन्हा केली. रकान्याचा प्रकार आधी टेक्स्ट केला, मगच टाइप करायला बसलो. दहा सेकंदांचं काम होतं.

पुढच्या वेळी 'जर' आणि 'नाहीतर' बघू, म्हणजे आज ओझरतं आलेलं बुलियन खरं कामाला लागेल.